खोक्याला काय कळतं

रायबंदरला, फेरीच्या धक्क्यामागच्या गल्लीत
भाड्याच्या खोलीत बसून मी एका खोक्याला
हालचाल जाणवायला शिकवतोय.
खेळातला खोका. आत काजू आहेत असं मानायचं,
आणि खेळणाऱ्यानं तो चोडणला न्यायचा, न सांडता.

एंजिनाला सगळं आधीच ठाऊक असतं:
खोका कुठे, किती वेगात, कुठल्या कोनात.
पण खोक्याला ते ठाऊक असता कामा नये.
डोळे बांधून बोटीत बसवलेल्या माणसाला
बुडाखालून जेवढं कळेल, तेवढंच त्याला.

म्हणून सेकंदाच्या दर पन्नासाव्या भागाला
मी आत्ताच्या वेगातून मघाचा वेग वजा करतो,
उरलेल्याला काळानं भागतो, गुरुत्व काढून घेतो,
आणि येईल ते खोक्याच्या अंगाअंगानं वळवतो,
कारण तो आडवा पडला की त्याचं वर
आपलं वर राहत नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, चुकलं.
खोका जमिनीवर गप्प, आणि आकडा नऊ पूर्णांक आठ.
चहा निवला. चूक नव्हती.
थांबलेली वस्तू शून्य दाखवत नाही;
जमीन तिला सतत वर ढकलत असते
आणि तिला कळतं ते ढकलणंच.
मग धक्क्यावरून सोडून दिला,
तर पाण्याला लागेपर्यंत
तिन्ही अक्षांवर शून्य, शून्य, शून्य.
पडताना त्याला काहीच होत नव्हतं.

उरली थरथर.
खरा सेन्सर कधी पुरता गप्प नसतो,
आणि थोडा घसरतोही: त्याची चूक दोनदा बेरजेत धरली
तर दहा मिनिटांत खोका, जागचा न हलता,
स्वतःला चोडणला पोचलेला समजतो.
माझा खोका फारच सज्जन होता.
म्हणून खरी थरथर हवी म्हणून
मी फोन रात्रभर टेबलावर पालथा ठेवला.

सकाळी आलेख पाहिला.
तीन चाळीसला अकरा बारीक उंचवटे. थांबा. पुन्हा अकरा.
पाच वाजेपर्यंत.

वरच्या लाकडी मजल्यावर रोमाल्द राहतो,
कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटतो.
चार रात्री मी त्याची पावलं नोंदवली,
आणि चार दिवसांत त्याला कर्जात बुडवलं,
बायकोला माहेरी धाडलं, नोकरी घालवली.
त्याच्या येरझारांना दुसरं कारण मला सुचेना.
ती पावलं गाळून टाकायला हवी होती.
गाळली नाहीत. तशीच खोक्यात भरली.

पाचव्या दिवशी फेरीवर भेटला, स्कूटरला टेकून,
डोळे तांबडे. मी काही विचारायच्या आतच
वर बोट दाखवून म्हणाला,
"दांत येतात मरे तिका. निदनाच."
आणि चोडण येईपर्यंत उभ्यानं झोपला.

रविवारी अंगणात तो आनेटला वर फेकत होता.
मी खिडकीत, हातात ओला पेला.
त्याच्या हातांतून सुटल्यापासून
परत हातांत येईपर्यंत
(नुसत्या शेंड्याला नव्हे, सबंध वेळ, चढतानासुद्धा)
तिच्यात सेन्सर असता तर शून्य आलं असतं.
मग एक उंच टोक, तिची किंकाळी, हसण्याची,
आणि परत नऊ पूर्णांक आठ,
ह्या वेळी बापाच्या तळव्यांचं.
पेला कितीतरी वेळ पुसत होतो.

काल गिऱ्हाइकाचा मेल आला:
खोका उभा असतानाही मधूनमधून
हलकेच डुलतो, अकरा वेळा. बग आहे का?
नाही, असं लिहिलं. कारण लिहिताना अडलो.
वर आत्ता कुणीच चालत नाहीये.
दात आले असावेत.